बोरसावरीचे आम्ही

“आज्जी, आपलं गाव नेमकं कुठं आहे?”

उज्ज्वलानं विचारलं तेव्हा मी कणगीचं बूड धरून बसले होते. बूड धरताना बोलू नये, काड्या सुटतात. तरी बोलले.

“बोरसावरी. तुळजापूरच्या पलीकडं. कितींदा सांगायचं?”

“तालुका?”

“असंल की एखादा. गाव म्हटल्यावर तालुका असतोयच.”

ती दाराच्या उजेडात मांडीवर पाट घेऊन फॉर्म भरत होती. उज्ज्वला माझी नात, थोरल्या मारुतीची पोरगी. त्या साली बारावीला तिला एक्याऐंशी टक्के पडले. बार्शीच्या मार्केट यार्डामागं आमची कैकाड्यांची बारा घरं. त्या बारा घरांत तिच्याआधी बारावीला कुणी पोचलंच नव्हतं. पुण्याच्या कॉलेजात फार्मसीला तिचा नंबर लागला. फी आणि हॉस्टेलचा कागद वाचून मारुती दोन दिवस नीट जेवला नाही. यार्डात पोती उचलणारा माणूस, त्याला वजनाचा अंदाज लगेच येतो.

पोरीनं मात्र हाय खाल्ली नाही. शिष्यवृत्ती हा शब्द मी त्या उन्हाळ्यात तिच्या तोंडून शिकले. रोज वाचनालयात जाऊन पेपर चाळायची, पत्ते वहीत उतरवायची, अर्ज मागवायला पाकिटात दुसरं पाकीट घालायची, आपलाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं.

“आपणच आपल्याला पत्र धाडायचं,” मी म्हणायचे, “असली तऱ्हा मी जन्मात बघितली नाही बाई.”

पत्रं आली. एक शिष्यवृत्ती नुसती मुलांना निघाली. एक कुठल्याशा एकाच पोटजातीच्या लेकरांना. एकीचा फॉर्म आला तो मुदत संपल्यावर. मग तिच्या बार्शीच्या कॉलेजातल्या शिरसाट बाईंनी एक कात्रण आणून दिलं. पुण्याचा कुठला ट्रस्ट होता. भटक्या-विमुक्तांच्या पोरींसाठी. सगळ्या महाराष्ट्रातून आठ पोरी निवडायच्या आणि शिक्षण संपेस्तोवर त्यांचं सगळं बघायचं.

“आठांत माझं नाव येईल आज्जी. पण जातीचा दाखला जोडावा लागतो.”

“मग काढ की. आपण कैकाडी आहोत हे बार्शीतल्या कुत्र्याला पण ठाऊक आहे.”

“कुत्र्याची सही चालत नाही.”

माझ्यावर गेली होती जिभेनं. मारुती हसला, मी हसले नाही.

“एकसष्ट सालाच्या आधी आजोबा कुठं राहत होते, त्याचा कागद पाहिजे,” ती म्हणाली. “बार्शीत तर तुम्ही बासष्टला आलात. म्हणजे बोरसावरीचा पाहिजे. मुदतीला बारा दिवस आहेत. बाबा आणि मी उद्या जातो.”

माझ्या हातातलं बूड सुटलं.

बोरसावरीचं मी माझ्या दोन्ही पोरांना पाळण्यापासून सांगत आले होते. वेशीजवळ आपलं घर, दारात लिंब. पाटलाच्या घरात आपल्या कणगीशिवाय जोंधळा शिरायचा नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सात पिढ्यांत आपल्यातल्या कुणी हजेरी दिली नाही.

हजेरी म्हणजे काय ते आता पोरांना सांगावं लागतं. इंग्रजांनी काही जमाती जन्मानंच चोर ठरवल्या होत्या. कैकाडी त्यात. सोलापुरात तारेचं कुंपण घालून माणसं आत ठेवली, त्याला सेटलमेंट म्हणत. सकाळ-संध्याकाळ नाव पुकारायचं, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. बावन्न साली तारा निघाल्या. पण तारा निघाल्या त्या जमिनीतून. आमच्या जातीत त्यानंतर दोन वाटे पडले, गावातले आणि तारेतले. तारेतल्यांना कुणी जागा देईना, कामाला ठेवीना, चांगल्या घरातली पोरगी देईना. आणि ‘तारेतले’ हा शब्द माझ्याएवढा दाताखाली खडा आल्यासारखा कुणी उच्चारत नव्हतं.

एकदा सोलापूरची दुरपा आपल्या भावाला घेऊन माझ्या दारी आली होती. तिची कमळी आणि माझा धाकटा लक्ष्मण, दोघांचं बघावं म्हणून. पोरगी देखणी, कामाला वाघीण. मी दोन्ही पोरांसमोर म्हटलं, “तारेतली पोर माझ्या घरात नको. आमच्यात सात पिढ्यांनी हजेरी दिली नाही.”

दुरपाचा भाऊ उठायला लागला. दुरपानं त्याला हातानं बसवलं. समोरचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याली, आणलेला नारळ परत पिशवीत घातला आणि गेली. एक शब्द बोलली नाही. मी शेजारपाजारच्यांना सांगितलं, माझ्या तोंडापुढं तिची काय बोलायची छाती.

तर मारुती आणि उज्ज्वला पहाटेच्या एसटीनं बोरसावरीला गेले. मी भाकरी बांधून दिली. काय करणार? दिवेलागणीला परत आले. मारुतीच्या चपलेचा अंगठा तुटला होता.

“आये, त्या गावात कैकाड्याचं घर कधीच नव्हतं म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“तलाठी म्हणतो. पाटील म्हणतो. गुरव म्हणतो. एक नव्वद वर्षांचा म्हातारा होता, तो पण म्हणतो.”

“नव्वदीचा म्हातारा! त्याला सकाळी जेवलेलं तरी आठवतं का?”

“त्याला अख्ख्या गावाची नावं पाठ होती,” उज्ज्वला म्हणाली. “आणि आज्जी, वेशीजवळ लिंब नाही. वेसच नाही.”

मग मी त्या म्हाताऱ्याची, तलाठ्याची, पाटलाची आणि एकूण गावाची जेवढी काढता येईल तेवढी काढली. शेजारीण डोकावून गेली. मारुती पायरीवर बसून चपलेला खिळा ठोकत होता. तो खाली मान घालून म्हणाला, “गाव विसरलं असंल आपल्याला. गरिबाला कोण ध्यानात ठेवतं.”

चाळीस वर्षांचा बाप्या, त्याचा आईवर एवढा विश्वास. मला तिथं बसवेना. उठून आत गेले.

बोरसावरी मी उभ्या जन्मात बघितली नव्हती. मारुती पोटात होता तेव्हा आम्ही नवरा-बायको गाढवावर बिऱ्हाड घालून बार्शीत आलो. एसटी स्टँडाजवळ एका जागामालकानं विचारलं, “कुठले रे तुम्ही?” माझा नवरा हणमंता भोळा. ‘सो’ एवढं अक्षर त्याच्या तोंडून निघालं आणि मी त्याला चिमटा काढला. सोलापूरचे कैकाडी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. समोर एक एसटी उभी होती. मला दुसरीपर्यंतचं वाचता येत होतं. पाटीवर होतं ते वाचलं.

“बोरसावरी,” मी म्हटलं.

जागा मिळाली. मग गावाला वेस आली, वेशीला लिंब आला. खोट्याला घर लागतं, उघड्यावर ते मरतं. हणमंता मरेपर्यंत गप्प राहिला. पोरं लिंबाच्या गोष्टी सांगू लागली की तो विडी घेऊन बाहेर जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वला माझ्याशेजारी येऊन बसली. तुरकाट्यांची मोळी ओढली, माझा विळा घेतला आणि काडी सोलायला लागली. तिला मी ह्या कामाला कधी हात लावू दिला नव्हता.

“काय चाललंय?”

“शिकव मला.”

“बोटं कापतील.”

“चिंधी बांधू. इथंच बी.ए. करते. उरल्या वेळात तुझ्या हाताखाली बसते. कणगीला गिऱ्हाईक नसलं तरी दुरड्या खपतात, तूच म्हणतेस.”

रडली असती तर मी तिला रागावले असते, आणि सुटले असते. ती रडली नाही. एकामागून एक काडी सोलत गेली, साल अखंड निघत होती. शिकवलेलं नसताना हात बसला होता. चांगला बसला होता, आणि त्याचीच मला धडकी भरली.

“ठेव तो विळा. चांगले कपडे घाल.”

“कुठं जायचंय?”

“सोलापूरला. फॉर्म घे. सगळे कागद घे. आणि वाटेत मला काही विचारू नको.”

वाटेत तिनं काही विचारलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होते, ती माझ्याकडं बघत होती.

सेटलमेंटच्या जागी आता नुसती वस्ती आहे. तारा कधीच गेल्या होत्या. कुंपणाचे एक-दोन दगडी खांब उभे होते, एकाला कुणी म्हैस बांधली होती. चाळीस वर्षांत मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं, तरी पायाला वळणं पाठ होती. इथं घंटा होती. सांजेची घंटा झाली की आम्ही पोरं रांगेत उभी राहायचो, आणि मी नि दुरपा पुढच्या पोरींच्या वेण्या एकमेकींना बांधून ठेवायचो. तिकडं तारेपलीकडं चिंच होती. दुरपा खाली ओणवी व्हायची, मी तिच्या पाठीवर चढून आकडीनं फांदी ओढायचे. पहारेकरी तोंड फिरवून विडी ओढायचा, त्यालाही लेकरं असतील. लोक कोंडवाडा म्हणतात. होताच तो. पण लेकराला कोंडवाडा कळत नाही, चिंच कळते.

दुरपा ओट्यावर दुरडी विणत होती. केस पांढरे झाले होते, बाकी तीच. मला बघितलं आणि हात न थांबवता म्हणाली, “अगं बया! बोरसावरीची पाटलीण वाट चुकली जणू.”

“पाणी दे.”

“तारेतलं पाणी चालतंय व्हय तुला?”

“चालतंय. दे.”

ती उठली. आधी तांब्या उज्ज्वलाच्या हातात दिला, मग मला. तिची कमळी सासरहून आलेली होती, दारात उभी, कडेवर लेकरू. तिनं मला ओळखलं आणि आत गेली. तेही बरोबर होतं.

मी फॉर्मचं सांगितलं. शिष्यवृत्ती, आठ पोरी, एकसष्टच्या आधीचा कागद. बोरसावरीला काही मिळालं नाही, एवढंच म्हटलं. पुढचं म्हटलं नाही. दुरपानं माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं.

“बाळ,” ती उज्ज्वलाला म्हणाली, “ती समोर शाळा दिसती न्हवं? जा, मुख्याध्यापक हाईत का बघ. सांग, दुरपाबाई जुनं रजिस्टर बघाया येती.”

उज्ज्वला गेली. आम्ही दोघी तिच्या मागून निघालो, म्हाताऱ्यांच्या चालीनं.

“पोरीला ठाव न्हाई?” दुरपानं विचारलं.

“नाही.”

“मारुतीला?”

“नाही.”

“रजिस्टरात हणमंता घावंल. पण त्या वर्गात दोन हणमंता हुते. एकाचा बाप रामा, एकाचा भीमा. साक्ष लागंल. मी अंगठा दीन. पण पोरीला मी काय बी सांगणार न्हाई यल्ले. ते तुझं तू.”

यल्ले. त्या नावानं मला हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. शाळेच्या नळापाशी मी थांबले.

“दुरपे, त्या दिवशी माझ्या घरी तू बोलली का नाहीस? एका शब्दात माझं तोंड काळं झालं असतं.”

“तुझी दोन्ही पोरं म्होरं बसली हुती.”

“म्हणून?”

“म्हंजी? पोरांदेखत आईचं लुगडं फेडू व्हय मी?” तिनं नळाखाली पाय धुतले. “अन् आपल्या जातीत कुणाला ठाव न्हाई गं? माझा भाऊ जाताना एसटीत हसत हुता, सात पिढ्या म्हून. समद्यांना ठाव हाय. तुझ्या घरातली चार माणसं सोडून. समद्या जातीनं मिळून तुझी झाकली, अन् तुला वाटतंय तुझ्या जिभंला भ्याली.”

तिनं माझ्या दंडाला धरलं आणि आत नेलं.

मुख्याध्यापक तरणे होते, चष्म्याचे. त्यांनी कपाटातून चार जुनी रजिस्टरं काढली होती, कापडी पाठीची, कडा उंदरांनी खाल्लेल्या. उज्ज्वला त्यांच्या शेजारी उभी राहून बोटानं ओळी वाचत होती. तिला वाटत होतं, कुठल्या तरी लांबच्या पाहुण्याचं नाव शोधायचं आहे.

“हणमंता दोन आहेत,” मुख्याध्यापक म्हणाले. “हणमंता रामा आणि हणमंता भीमा. दोघांचा पत्ता सेटलमेंट. दोघांची जात कैकाडी, आणि पुढं कंसात...” ते थांबले. “पुढं ‘गुन्हेगार जमात’ असं आहे. तेव्हा तसंच लिहीत. तुमचा यातला कोण?”

मी दुरपाकडं बघितलं. दुरपा भिंतीवरच्या नकाशाकडं बघत होती. महाराष्ट्राचा नकाशा होता. त्यात बोरसावरी नसणार.

“यातला कुणीच नाही सर,” उज्ज्वला म्हणाली. “माझे आजोबा सेटलमेंटमध्ये नव्हते. आम्ही गावातले.”

केवढ्या ताठ मानेनं म्हणाली. माझीच मान होती ती.

“हणमंता रामा,” मी म्हटलं.

“आज्जी?”

“हणमंता रामा तुझा आजा. इथंच तारेत जन्मला. मी पण. आम्ही दोघं ह्याच शाळेत होतो. हजेरी त्यानं दिली, मी दिली, माझ्या बापानं दिली. बोरसावरी मी एसटीच्या पाटीवर वाचली.”

उज्ज्वलाचं बोट त्या ओळीवर तसंच होतं. मला वाटलं, आता ही बोट उचलेल. ती त्या ‘गुन्हेगार’ शब्दापाशी किती वेळ होती कुणास ठाऊक.

“म्हणजे त्या म्हाताऱ्याला बरोबर आठवत होतं,” ती शेवटी म्हणाली.

“बरोबर आठवत होतं.”

“आणि बाबांना मी काय सांगू?”

“तू नको सांगू. मी सांगते. संध्याकाळी. तो चिडला तर चिडू दे.”

“बाबा चिडत नाहीत,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण सांडले नाहीत. “त्यांना वाटतंय गाव विसरलं.”

मुख्याध्यापकांनी खाकरून विचारलं, “उताऱ्यात तो शब्द जसाच्या तसा घ्यावा लागेल. नक्कल म्हटल्यावर गाळता येत नाही. चालेल?”

मी बोलायच्या आधी उज्ज्वला म्हणाली, “लिहा सर. पूर्ण लिहा.”

दुरपानं अंगठा दिला. तिच्या अंगठ्याला दुरडीच्या निरगुडीचा रस लागलेला होता, ठसा दोनदा घ्यावा लागला.

त्या उताऱ्यावर जातीचा दाखला निघाला. अर्ज मुदतीच्या एक दिवस आधी पुण्याला पोचला. आठ पोरींत उज्ज्वलाचं नाव होतं. त्याला आता वीसच्या वर वर्षं झाली. लातुरात तिचं औषधांचं दुकान आहे आणि अजून मला गोळ्या वेळेवर घेत नाही म्हणून फोनवर बोलणी खावी लागतात. मारुतीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो चपला घालून सोलापूरच्या एसटीची वेळ विचारायला गेला. त्याला बापाची शाळा बघायची होती.

पण मला ते सगळं कमी आठवतं. मला आठवते ती खोली. शिक्का मारून झाला होता, आम्ही उठणार, तेवढ्यात उज्ज्वला म्हणाली, “सर, यात मुलींची पण नावं आहेत?”

“आहेत की. मागच्या पानांवर.”

तिनं पानं उलटली, सावकाश, फाटू नयेत म्हणून तळहातावर घेऊन. मग थांबली. आणि मोठ्यानं वाचलं.

“यल्लूबाई दुर्गाप्पा. इयत्ता दुसरी. अभ्यास : चांगला. वर्तणूक...” तिनं माझ्याकडं बघितलं. “वर्तणूक : उद्धट.”

दुरपा जी हसायला लागली, ती तोंडाला पदर लावून खाली फरशीवरच बसली. मुख्याध्यापकही हसले. मी म्हटलं, “मास्तर तसलाच होता मेला. तिचं वाच की, खिदळतेय ती.”

“दुरपा तिम्माप्पा. अभ्यास : बेताचा. वर्तणूक : शांत.”

दुरपाचं हसू थांबलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

“सर,” उज्ज्वला म्हणाली, “ह्या नावाचा पण एक उतारा द्या. आज्जीचा.”

“त्याची गरज नाही. अर्जाला आजोबांचाच लागतो.”

“अर्जाला नको. मला पाहिजे.”

मुख्याध्यापकांनी नवा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं. मला काहीतरी खमंग बोलायचं होतं. जन्मभर कधी शब्द कमी पडला नव्हता. पण मी आपली लुगड्याचा काठ नीट करत उभी राहिले.

दुरपा फरशीवरूनच म्हणाली, “गुरुजी, वर्तणूक हाय तशीच लिवा बरं का. पन्नास वर्षांत बदलल्याली न्हाई.”